एक बाजू कोरी

टण्ण!

तांदळाच्या डब्याचं झाकण टेबलावरून सुटलं, फरशीवर आपटलं, आणि तिथंच गप पडून राहायचं सोडून कडेवर उभं राहून चालायला लागलं. घरात इतकी शांतता होती की त्याचं ते घरघरत जाणं एखाद्या मिरवणुकीसारखं वाटलं. मधल्या खोलीत गवंड्यानं खडूनं आखलेली रेघ त्यानं आरामात ओलांडली, पलीकडे दोन गिरक्या घेतल्या आणि थोरलीच्या पायाशी जाऊन आडवं झालं.

थोरलीनं झाकणाकडे पाहिलं. मग रेघेकडे पाहिलं. मग ती पर्समध्ये असं काहीतरी शोधायला लागली, जे तिथं नव्हतंच.

"खारू," ती आपल्या लेकीला म्हणाली, "तुझ्या काकूला सांग, तिचं झाकण आमच्याकडे आलंय."

खारूची काकू, म्हणजे या घरची धाकटी सून, तिथून फार तर चार हातांवर उभी होती. तिनं आपल्या लेकीला हाक मारली. "टिंगू, मोठ्या काकूला सांग, राहू दे म्हणावं. तांदूळ इकडे आहेत. झाकण जाऊन जाऊन जाणार कुठं?"

चार वर्षांच्या टिंगूनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुम्हाला एकमेकींचं ऐकू येत नाही का?"

यावर थोरलीची पर्स आणखी खोल झाली, आणि धाकटीला हातातलं फडकं अचानक फार मळकट दिसायला लागलं.

रेघ आखून आज अकरा दिवस झाले होते. पाण्याचे मीटर वाचणारा थोरला आणि शाळेची बस चालवणारा धाकटा, दोघं भाऊ टेप धरून खोली मोजत होते, तेव्हा त्यांच्यात जेवढी एकी दिसली तेवढी गेल्या दहा वर्षांत दिसली नव्हती. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं आकडा सांगायचा. शेवटी "बरोब्बर मध्य!" असं दोघं एकदमच ओरडले आणि चुकून हसलेही. मग आठवण झाली, तशी दोघांनी तोंडं पाडली.

वेगळं व्हायचं आधी कुणाच्या डोक्यात आलं, यावर घरात दोन मतं होती, आणि दोन्ही मतं समोरच्याचं नाव घेत होती. धाकटीला मात्र आपल्यापुरतं खरं माहीत होतं. तिला स्वयंपाकघर हवं होतं. मोठं नको, ओटा चकचकीत नको. फक्त मीठ कुठं ठेवायचं ते तिचं तिनं ठरवावं, एवढंच. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली होती, पण त्यांनी लावलेला एक डबा इकडचा तिकडे झाला नव्हता. धाकटीनं एकदा मीठ खालच्या फळीवर ठेवून पाहिलं. संध्याकाळपर्यंत ते वरती गेलं होतं. कुणी नेलं ते कुणी सांगितलं नाही. थोरली म्हणाली, "मीठ वरच असतं." जसा सूर्य पूर्वेलाच उगवतो.

थोरलीलाही तिचं तिचं काही हवं होतं. तिला दार हवं होतं, वेगळं. ऑफिसातून ती किती वाजता आली हे मधल्या खोलीतल्या कुणालाही न कळता आत शिरता येईल असं.

दोघींचं म्हणणं वावगं नव्हतं. म्हणूनच तर भांडण मिटत नव्हतं.

तर आज अकरा वाजता वकील येणार होते. वाटणीच्या कागदावर सासरे आणि दोघं मुलगे सह्या करणार होते. आत्याबाईची, म्हणजे या दोघा भावांच्या बहिणीची, सही आधीच झाली होती. ती दोन दिवसांचा प्रवास करून आली, पाची कागदांच्या तळाशी, अगदी कोपऱ्यात, बारीक सही केली, आणि "या कामासाठी मला पुन्हा बोलावू नका," असं सांगून पाणीसुद्धा न पिता निघून गेली. उद्या सकाळी गवंडी विटा आणणार होता.

"काकू," खारू टेबलाशी आली, "काढू का?"

तिच्या आवाजात काहीतरी होतं. तीन आठवड्यांपूर्वी तो आवाज या घरात नव्हता.

खारू चौदा वर्षांची. लहानपणी खाऊ गालात साठवून ठेवायची, म्हणून खारू. मोठी झाल्यावर ती शब्द साठवायला लागली. काही विचारलं तर खांदे उडवायची. जेवलीस का? खांदे. आवडलं का? खांदे. सुट्टी लागली, निकाल लागला, आणि निकालपत्रक पाहून आईनं फोन काढून कपाटात ठेवला. तेव्हापासून ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून असायची, पिळून वाळत घालायचं राहून गेलेल्या कपड्यासारखी.

तिसऱ्या दिवशी ती आपणहून बोलली होती. "काकू, बोअर होतंय."

"मग हो."

"झाले. आता काय करू?"

धाकटी तेव्हा भांडी पुसत होती. "वही कर."

"दुकानात मिळते."

"दुकानात काकूपण मिळेल एक दिवस. म्हणून मी काय माहेरी जाऊन बसू?"

खारूनं खांदे उडवले, पण उठली. "सामान कुठंय?"

बाइंडरच्या घरात हा प्रश्न म्हणजे समुद्रात बसून पाणी मागण्यासारखं होतं. अण्णांनी, म्हणजे धाकटीच्या सासऱ्यांनी, चाळीस वर्षं पुस्तकं बांधली होती. हात थरथरायला लागले तसं खालचं दुकान बंद केलं, पण तिथलं लांबलचक टेबल वरच्या मधल्या खोलीत आलं आणि त्याबरोबर दुकानाचा कायदाही वर आला. घरात आलेला कुठलाही कागद आधी अण्णांच्या हाताखालून जायचा. दोन्ही बाजू छापलेल्या असतील तर रद्दी. एक बाजू कोरी असेल तर पेटीत. परीक्षेचे जुने पेपर, औषधांची माहितीपत्रकं, बंद पडलेल्या कंपन्यांची पत्रं, सगळ्यांना त्या लाकडी पेटीत दुसरा जन्म मिळे. "एक बाजू कोरी आहे तोवर कागद मेलेला नाही," अण्णा म्हणायचे. लग्न होऊन आल्यावर धाकटीला या घरात पहिल्यांदा कुणी काही शिकवलं असेल तर ते अण्णांनी: कागदाला घडी घालणं.

तिनं खारूलाही तिथूनच सुरुवात करून दिली. अख्खा एक दिवस नुसत्या घड्या.

"कोपऱ्याला कोपरा भेटला पाहिजे. नुसती तोंडओळख चालणार नाही."

"एवढं काय? वही आहे, पूल थोडाच बांधतोय."

"दहाव्या कागदाला कळेल."

दहाव्या कागदाला कळलं. गठ्ठा असा तिरका झाला की टिंगूनं त्याची घसरगुंडी करून बाहुली सोडली. खारूनं सगळ्या घड्या उलगडल्या, आणि काही न बोलता पुन्हा घातल्या. धाकटीनं मनात म्हटलं, ही टिकणार.

मग पाच-पाच कागद एकात एक घालून एक फर्मा, असे सहा फर्मे. घडीवर टोच्यानं पाच भोकं. रजईची जाड सुई, दोऱ्याला मेणबत्ती चोळलेली, म्हणजे गुंता होत नाही. गुंता झाला. तीनदा झाला. तिसऱ्यांदा खारू रडकुंडीला आली आणि तिनं पहिल्यांदा सलग चार वाक्यं बोलून दाखवली, सगळी दोऱ्याच्या खानदानाबद्दल. शिजवलेल्या पिठाची खळ केली, ती झाकून ठेवली, तर सकाळी थोरल्यानं रेघेच्या या बाजूला येऊन चमचाभर तोंडात घातली आणि "मीठ विसरलात" असं सांगून गेला. पुठ्ठा थोरलीच्या ऑफिसातल्या जुन्या फायलीचा. कापड धाकट्याच्या गणवेशाच्या पॅंटीचं, गुडघ्याखाली फाटलेल्या. खारूनं मुद्दाम खिशाची जागा निवडली, त्यामुळे वहीच्या पाठीमागच्या बाजूला बटणाचा खिसा आला होता. बाइंडिंगच्या इतिहासात असलं काही झालं नसेल. अण्णा दोन मिनिटं त्या खिशाकडे बघत राहिले होते आणि मग म्हणाले, "पेन्सिल मावेल."

काल कडा कापल्या होत्या. धाकटीनं लोखंडी पट्टी दाबून धरली, खारूनं पात्यानं ओढ घेतली, आणि खाली पडणाऱ्या बोटभर रुंदीच्या झिरमिळ्या टिंगूनं फ्रॉकच्या ओच्यात गोळा केल्या. मग पुठ्ठा चढवून वही रात्रभर तांदळाच्या डब्याखाली.

"काढ," धाकटी म्हणाली.

खारूनं डबा उचलला. झाकण मघाशीच गेलं होतं, त्यामुळे मूठभर तांदूळ सांडले. कुणाचं लक्ष नव्हतं. वही उघडली, तशी पाठ करकरली, नव्या चपलेसारखी.

"करकरली पाहिजे ना?"

"करकरलीच पाहिजे."

खारू हसली नाही. पण तिचे गाल भरल्यासारखे दिसले.

रेघेपलीकडून थोरली बघत होती. धाकटीनं ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. तिला मनात वाटून गेलं: उद्या विटा आल्या की ही पोर पलीकडे, आणि आपण आणि आपलं मीठ अलीकडे. तिनं तो विचार फडक्यानं पुसल्यासारखा पुसला.

*

वकील बारीक अंगाचे होते आणि बॅग त्यांच्यापेक्षा धष्टपुष्ट होती. ते बरोबर रेघेवर खुर्ची टाकून बसले, म्हणजे कुणाला काही वाटायला नको.

"काढा कागद, अण्णा. वाचलात ना सगळा?"

"कुठला?" अण्णा खिडकीशी बसले होते.

"वाटणीचा. गेल्या आठवड्यात दिला ना मी तुमच्याकडे. वाचून ठेवा म्हटलं होतं."

"तो होय," अण्णा म्हणाले. "टेबलावर असेल."

टेबलावर टोचा होता, सुई होती, खळीची वाटी होती, तांदूळ होते. कागद नव्हता.

पुढची वीस मिनिटं त्या घरात जे झालं त्याला शोधाशोध म्हणणं म्हणजे वादळाला वारा म्हणणं. थोरल्यानं कपाट रिकामं केलं. धाकट्यानं तेच कपाट परत रिकामं केलं, कारण थोरल्याच्या शोधण्यावर त्याचा विश्वास नव्हता.

"तूच लपवलायस," थोरला म्हणाला.

"मी? पाण्याची टाकी तुझ्याकडे जातेय. मी लपवायचा तर फाडून नसता टाकला?"

"बघा, बघा वकीलसाहेब! फाडायचं याच्या मनात होतंच!"

"मनात तर तुला टाकीत बुडवायचंपण होतं. बुडवलं का?"

"आमच्या ऑफिसात," थोरली हवेकडे बघून म्हणाली, "आलेल्या प्रत्येक कागदाची आधी प्रत निघते. मग तो हरवतो."

"प्रत आहे ना हो?" धाकट्यानं वकिलांना विचारलं.

"मजकूर आहे. मजकूर मी दहा वेळा छापून देईन. पण बहिणीची सही?" वकिलांनी कपाळ पुसलं. "ती कशी छापू?"

आत्याबाई पाणी न पिता गेली होती, ते प्रत्येकाला आपापलं आठवलं.

इतका वेळ टिंगू टेबलाखाली बसून वही वाचत होती. तिला वाचता येत नव्हतं. पण पानं उलटताना ती गंभीर तोंडानं ओठ हलवायची. "ताई," ती म्हणाली, "तुझ्या वहीत जांभळं जांभळं गोल आहे. छान आहे. मला पण काढून दे."

वकिलांचा रुमाल कपाळावर होता तिथंच थांबला. "जांभळं?"

"गोल."

"आत वाघ आहे?"

टिंगूनं नीट पाहिलं. "मांजर आहे."

वकील आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या टेबलाखाली शिरले असावेत. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात खिशाची वही होती आणि चेहऱ्यावर रक्त नव्हतं. "हाच शिक्का. तिसरा गठ्ठा," ते म्हणाले. "पाचही कागद. मधोमध दुमडून, शिवून... यात शिवलाय हो कागद!"

खारू टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मी पेटीतून घेतले," ती म्हणाली. आवाज पार आत गेला होता. "जाड होते. काकू म्हणाली, जाड कागद मधल्या फर्म्यात घाल, वही उभी राहते."

सगळी डोकी धाकटीकडे वळली. धाकटीला आठवलं. तिनंच तो कागद अंगठ्यानं चोळून "वा, काय कागद काढलास!" असं म्हटलं होतं. घडी कोऱ्या बाजूनं होती. छापलेली बाजू तिनं पाहिली नव्हती. या घरात ती बाजू कोण बघतं?

"पण पेटीत गेला कसा?" थोरल्यानं टेबलावर हात आपटला. "पेटीत कुणी घातला?"

"मी," अण्णा म्हणाले.

"तुम्ही?"

"मग काय तुझ्या आजोबांनी? हाताखालून गेला. एक बाजू कोरी होती. पेटीत घातला."

"अहो, पण दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघायचं तरी!"

"चाळीस वर्षं पुस्तकं बांधली," अण्णा शांतपणे म्हणाले. "दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघत बसलो असतो, तर चाळीस वर्षांत चार बांधून झाली असती. इकडे आण ती वही."

वकिलांनी वही दिली. ती देताना त्यांनी मूल डॉक्टरांच्या हाती द्यावं तशी दिली. अण्णांनी ती डोळ्यांजवळ धरली, पाठीवरून अंगठा फिरवला, कडेवर नख ओढलं, उघडून कानाशी करकरवली. दोन्ही मुलगे, वकील, सुना, सगळे निकालाची वाट बघत होते.

"तिसऱ्या फर्म्याचा टाका ढिला आहे," अण्णा म्हणाले.

"अण्णा!"

"पाठ चांगली आहे. खळ एकसारखी लागलीय. पहिली वही म्हणशील तर माझ्यापेक्षा बरी. माझी पहिली मालकानं बंबात घातली होती." त्यांनी खारूकडे पाहिलं. "दोरा शेवटी कमी पडला ना? म्हणून ढिला राहिला."

खारूनं मान हलवली. मग खांदे उडवायला गेली, आणि उडवले नाहीत.

"झालं कौतुक?" धाकट्यानं टेबलावरचं पातं उचललं आणि बायकोपुढे धरलं. "आता हे उसव. तुलाच येतं. अलगद दोरा काप, कागद मोकळे कर, सरळ कर, इस्त्री फिरव. सह्या करू आणि सुटू. विटा उद्या येतायत."

"बरोबर बोलतोय," थोरला म्हणाला. अकरा दिवसांत दोघा भावांचं दुसऱ्यांदा जमत होतं. "अण्णांचा हात थरथरतो. तूच कर. फाटू देऊ नकोस म्हणजे झालं."

धाकटीच्या हातात पातं आलं. तिनं वही घेतली. तिसरा फर्मा उघडला. डाव्या पानावर छापलेलं होतं: "...मागील खोलीत धाकट्यांनी स्वतंत्र स्वयंपाकघर करावे व त्यास थोरल्यांची हरकत..." आणि तिथं कागद दुमडला होता. ते एक वाक्य तिला सात वर्षं हवं होतं. आता ते गणवेशाच्या पॅंटीत बांधलेलं होतं.

"उसव काकू," खारू म्हणाली. "मी परत शिवीन."

ती सहज म्हणत होती. फार सहज. चौदा वर्षांची माणसं जेव्हा इतकं सहज बोलतात तेव्हा त्यांच्या गालात काहीतरी मोठं कोंबलेलं असतं, हे धाकटीला या तीन आठवड्यांत कळलं होतं.

पातं दोऱ्यापर्यंत गेलं. मेणाचा दोरा चमकत होता. ढिला टाका होता, एका ओढीत निघाला असता.

तिनं पातं खाली ठेवलं.

"मला नाही जमणार."

"नाही जमणार म्हणजे? तुला येतं!"

"येतं. उसवणार नाही."

"अगं, तुझ्याच स्वयंपाकघरासाठी चाललंय ना हे सगळं!" धाकट्याचा आवाज चढला. "रोज रात्री मीठ, मीठ करून माझं डोकं खाल्लंस! आता मीठ हाताशी आलं तर..."

"हो, खाल्लं डोकं. अजून खाईन. पण पोरीची पहिली वही मी फाडणार नाही."

"मग मी फाडतो," म्हणत थोरल्यानं हात पुढे केला. तो हात वहीपर्यंत पोचलाच नाही. मध्ये थोरलीची पर्स आली. पर्स जड होती, आणि ती बरोबर मनगटावर बसली.

"वहीला हात लावायचा नाही," थोरली म्हणाली.

"अगं पण तूच तर..."

"मला दार हवंय. हवंच आहे. उद्या पण हवं असेल. पण ही तीन आठवडे जिन्यावर बसली नाहीये, कळलं का? तुम्ही मीटर वाचत फिरता, घरातलं वाचता येतं का काही? ही काल जेवताना बोलली. पाच मिनिटं. दोऱ्याबद्दल. मी घड्याळ लावून मोजलं." तिनं पर्स परत काखेत मारली. "कागदाचं काय ते वकीलसाहेब बघतील. त्यांना कशासाठी बोलावलंय?"

वकिलांनी या वेळी नेमकं बोलायला नको होतं. पण त्यांचा धंदा बोलण्याचा होता. "बाई, उसवूनही आता उपयोग नाही," ते म्हणाले. त्यांनी वहीची कड डोळ्यांजवळ नेली होती. "सही तळाशी होती. अगदी कोपऱ्यात. कागद मधोमध दुमडला, म्हणजे तळ आला बाहेरच्या कडेला. आणि बाहेरची कड..."

"कापली," खारू म्हणाली.

"बोटभर," धाकटी म्हणाली.

"सरळ कापलीय," अण्णा खिडकीशी बसूनच म्हणाले.

थोरला ओरडला, "झिरमिळ्या! कापलेल्या झिरमिळ्या कुठं आहेत?" आणि सगळ्यांनी टिंगूकडे पाहिलं. टिंगूनं हळूच आपली बाहुली पाठीमागे नेली. काल रात्री तिनं उरलेली खळ आणि सगळ्या झिरमिळ्या वापरून बाहुलीला केस लावले होते. गच्च, कंबरेपर्यंत. काही टेबलाच्या पायांनाही लावले होते, कारण टेबल टकलं दिसत होतं.

कुणी काही ठरवलं नाही, पण पुढच्याच क्षणी दोन्ही जावा गुडघ्यांवर टेबलाखाली होत्या. एकीनं बाहुली धरली, दुसरीनं टेबलाचा पाय. थोरलीनं चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"हा बघ, हा जाड आहे."

"जाड आहे, पण कोरा आहे वहिनी."

"मग हा? यावर शाई आहे. 'ता' दिसतोय."

"तो नाही. तो परीक्षेचा पेपर. 'खालीलपैकी कोणत्याही चार प्रश्नांची उत्त'... तुमच्या गुडघ्याखाली बघा, काहीतरी चिकटलंय."

"माझ्या साडीला खळ लागली?"

"लागली. गुडघाभर."

"मेले! ऑफिसला कशी जाऊ?"

"माझी निळी नेसा. तुम्हाला बसेल."

आणि मग दोघी थांबल्या. टेबलाखाली जागा कमी होती, दोघींची नाकं एकमेकींपासून वीतभर अंतरावर होती, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदाच दोघी मध्ये कुठल्याही पोराला न घालता बोलल्या होत्या. थोरलीनं आधी नजर काढली. "हा," ती म्हणाली, आणि टेबलाच्या पायावरून एक झिरमिळी नखानं सोडवली. जाड, पिवळसर, आणि तिच्या टोकाला निळ्या शाईचं एक लहानसं शेपूट. आत्याबाईची सही. म्हणजे तिच्या शेवटच्या अक्षराचा पाय.

पाच सह्यांपैकी हा एक पाय मिळाला. बाकीच्या सह्या, बाहुलीचे केस कंबरेपर्यंत बसवताना टिंगूनं कापून टाकलेल्या टोकांबरोबर गेल्या होत्या.

आत्याबाईला फोन लावायचं काम कुणीच घेईना. शेवटी अण्णांनी लावला, आणि सगळं एका वाक्यात सांगितलं: "तुझी सही पोरीनं वहीत बांधली आणि कड कापताना गेली." पलीकडून असा काही आवाज आला की थोरल्याला वाटलं बहीण रडतेय. ती हसत होती. ती इतकी हसली की तिकडे कुणीतरी तिला पाणी आणून दिल्याचं ऐकू आलं, आणि ते ती प्यायली.

"येईन परत," शेवटी ती म्हणाली. "पण लगेच नाही जमायचं. महिना लागेल. आणि अण्णा, तिला सांगा, मला पण एक वही हवीय. खिशाची."

वकिलांनी बॅग उचलली. महिन्यानं नवा कागद घेऊन येतो म्हणाले, आणि दारात वळून, "या वेळी दोन्ही बाजूंनी छापून आणतो," असंही.

"मग रद्दीत जाईल," अण्णा म्हणाले.

गवंड्याला महिनाभर थांबायला सांगायचं काम दोघा भावांनी एकमेकांवर ढकललं, आणि शेवटी दोघं मिळून गेले. थोरली निळी साडी नेसून उशिरा ऑफिसला निघाली. जाताना जिन्यात थांबून म्हणाली, "साडी संध्याकाळी धुऊन देते," आणि ते थेट धाकटीला म्हणाली.

मधल्या खोलीत खारूनं पेटी उघडली. आता ती प्रत्येक कागद उलटून दोन्ही बाजू बघत होती, वाचत होती, मगच घडी घालत होती. आत्याबाईची वही. धाकटी तिच्यासमोर बसली आणि तिनं पहिल्या घडीचा कोपरा दोन बोटांत धरून बघितला. कोपरा कोपऱ्याला भेटला होता. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतंय, आणि मग हेही लक्षात आलं की महिना म्हणजे फार तर दोन वह्या. तीन, जर दोऱ्याचा गुंता झाला नाही तर. मागल्या खोलीत तिचं स्वयंपाकघर होणारच होतं. ते तिला हवंही होतं. आजही हवं होतं.

टिंगू टेबलाखालून बाहेर आली. टक्कल पडलेली बाहुली तिच्या काखेत होती. ती खडूच्या रेघेवर उकिडवी बसली, बोटानं थोडी रेघ पुसली, बोट चाटून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. मग तिनं इकडची आई बघितली, तिकडे बसलेली ताई बघितली, मधलं टेबल बघितलं.

"आई," ती म्हणाली, "भिंत झाली ना, की ताई कुणाची?"

खारूचे हात घडीवर थांबले. तिनं मान वर केली नाही. पण तीही उत्तराची वाट बघत होती. धाकटीनं पेटीतला पुढचा कागद तिच्यापुढे सरकवला आणि टिंगूला म्हणाली, "दोन्ही बाजूंची."